खाऱ्या पाण्याच्या पेटीत वाळू कोण चाळणार?

माळव्यातील मराठी घरांत समुद्र आजवर आला तो देव्हाऱ्यातील शंखाच्या, सारीपाटावरील कवड्यांच्या आणि काष्ठौषधीच्या दुकानातून पुडीत बांधून आणलेल्या समुद्रफेनाच्या रूपाने. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार व देवास येथे येऊन स्थिरावलेली आपली घराणी बहुतांशी देशावरची. समुद्र त्यांच्याही फारसा ओळखीचा नव्हता. अलीकडे मात्र तो थेट दिवाणखान्यात येऊ लागला आहे. सागरी मिठाचे तयार मिश्रण बादल्यांतून विकत मिळते, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मासे मुंबईहून येतात, आणि ज्या कोपऱ्यात पूर्वी रेडिओचे कपाट असे तेथे आता चार फूट लांबीची काचपेटी निळ्या दिव्याखाली चमकत असते. सोनमासे पाळण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. खाऱ्या पाण्याची पेटी त्याहून कितीतरी खर्चाची व जोखमीची.

अशी पेटी मांडून महिना-दोन महिने लोटले की तळाची पांढरीशुभ्र वाळू तपकिरी दिसू लागते. घरातील मंडळी अस्वस्थ होतात. पाहुण्यांसमोर पेटी मळकी दिसते, एवढीच खरी अडचण असते. पण दुकानदाराकडे गेले की तो एक उपाय सांगतो. वाळू चाळणारा एखादा प्राणी न्या, म्हणजे तळ आपोआप स्वच्छ राहील. त्याच्याकडे तारामासा असतो, गोबी नावाचा मासा असतो, गोगलगाई असतात. यांतील कोणता घ्यावा, किती घ्यावे, आणि मुळात घ्यावा की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या तपकिरी सायीविषयी. ती बहुधा डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवलाची असते. नव्या पेटीत ती यावयाचीच, आणि पाणी मुरत गेले की बहुधा आपली आपण ओसरते. तेवढ्यासाठी जिवंत प्राणी विकत आणणे म्हणजे पावसाळी शेवाळ काढण्यासाठी अंगणात म्हैस बांधण्यासारखे होय. परंतु वाळूस चाळणारे कोणीच नको असाही याचा अर्थ नव्हे.

तळाची वाळू ही दिसते तशी निर्जीव नसते. वरच्या थरात प्राणवायू पोहोचतो. तेथील जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खाली, जेथे प्राणवायू नाही तेथे, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतात आणि तो पाण्यातून निघून जातो. या दोन थरांच्या दरम्यान, डोळ्यांस जेमतेम दिसतील असे कृमी आणि कोळंबीचे अतिसूक्ष्म भाऊबंद रात्रंदिवस हिंडत असतात. त्यांच्या हालचालीने वाळू घट्ट बसत नाही. ती घट्ट बसली आणि तिच्यात अन्न कुजू लागले, तर काळे डाग पडतात आणि ढवळल्यास सडक्या अंड्याचा वास येतो.

शेतकरी वाचकांस हे सहज कळेल. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात ती फुगते, आणि अशी ती आपली आपणच उलथत राहते; शिवाय गांडुळे आहेतच. चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडातील पुष्कळ भागांत एका एकरातील दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाते असा हिशेब मांडला. जमिनीवर जे गांडूळ करते ते समुद्राच्या तळाशी शेकडो जातींचे प्राणी करतात. पेटीतील वाळूलाही असे कोणीतरी हवेच. किती हवे आणि कोण हवे, येथे घोटाळा होतो.

दुकानाच्या भाषेत हे सारे प्राणी ‘सफाई कामगार’ ठरतात. हा शब्दच फसवा आहे. सफाई हा आपला हेतू. त्या प्राण्याचा हेतू पोट भरणे हा असतो. तेव्हा तो वाळूत शिरतो कशासाठी, हे आधी विचारले पाहिजे. काही प्राणी वाळूच गिळतात, तिच्या कणांवर चढलेली सेंद्रिय साय पचवतात आणि स्वच्छ वाळू मागे टाकतात. काही वाळूतील बारीक जिवांची शिकार करतात; वाळूशी त्यांना कर्तव्य नसते, ती मध्ये येते म्हणून ते उलथतात. आणि काही वाळूत नुसते राहतात, खाणे त्यांना वरून मिळते. येता-जाता वाळू हलते एवढेच. पहिल्या दोन प्रकारच्या प्राण्यांचे अन्न वाळूतच असते, म्हणून पेटीचा तळ जेवढा लहान तेवढी त्यांची उपासमार लवकर. तिसऱ्या प्रकारास आपण चारू शकतो. निवडीचे सारे मर्म या भेदात आहे.

पहिल्या प्रकारातील एक प्राणी धारकरांच्या अगदी घरचा आहे. धार जिल्ह्यातील बाघ येथील बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तेथील चित्रे पाहून मंडळी परततात. आजूबाजूच्या दगडांकडे सहसा कोणी पाहत नाही. ती लेणी वालुकाश्मात कोरलेली आहेत, आणि त्या प्रदेशात वालुकाश्मावर चुनखडकाचे थर आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. हे थर त्याच्या तळाशी साचले. पुढे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे लोट आले आणि त्यांनी बराचसा समुद्रतळ झाकून टाकला. धार व देवास ही शहरे त्या काळ्या दगडावर वसली आहेत. ब्लॅनफर्ड या भूशास्त्रज्ञाने या भागाचे विवरण १८६९ साली प्रसिद्ध केले, आणि प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली नेमावर ते कवांट या टापूचा वृत्तांत लिहिला. त्यांतील नेमावर आज देवास जिल्ह्यात आहे. हेच बोस पुढे मयूरभंजातील लोहखनिजाकडे टाटांचे लक्ष वेधणारे म्हणून प्रसिद्धीस आले.

बाघच्या या चुनखडकात कालवे आहेत, गुंडाळलेल्या शिंगासारखे ॲमोनाइट आहेत, आणि हेमियास्टर नावाचा, सुपारीहून थोडा मोठा, हृदयाच्या आकाराचा एक कंटकचर्मी प्राणी आहे. त्याच्या पाठीवर पाच पाकळ्यांच्या फुलासारखी नक्षी असते. तारामासे, समुद्रकाकड्या आणि हे हृदयाकृती अर्चिन एकाच संघातले, म्हणून पाचाचा हिशेब सर्वांत आढळतो. या अर्चिनाचे आजचे वंशज वाळूत स्वतःस पुरून घेतात आणि नांगराप्रमाणे ती सारीत, गिळीत पुढे सरकतात. बाघच्या थरांत कोळंबीसारख्या प्राण्यांनी केलेली बिळेही दगड होऊन राहिली आहेत. म्हणजे ज्या कामासाठी आपण मुंबईहून प्राणी मागवतो ते काम धार जिल्ह्यात नऊ कोटी वर्षांपूर्वी नित्य चालले होते. (त्याच थरांतील एका दगडास पूर्वीच्या भूशास्त्रज्ञांनी प्रवाळी चुनखडक असे नाव दिले. पुढे असे दिसून आले की त्यात प्रवाळ नसून मुख्यतः ब्रायोझोआ नावाचे, वसाहत करून राहणारे सूक्ष्म प्राणी आहेत. पण नाव चिकटले ते चिकटलेच. भाषेच्या अभ्यासकास अशी उदाहरणे नवी नाहीत.) सहलीस जाणाऱ्यांनी मात्र ते दगड तेथेच राहू द्यावेत. बाघ परिसरात २०११ साली डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, आणि धार जिल्ह्यातील डायनोसॉरांच्या ९२ घरट्यांचा व २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. खिशात घातलेला जीवाश्म कोणत्या थरातला हे सांगता येत नाही, आणि मग अभ्यासाच्या दृष्टीने तो निव्वळ खडा उरतो.

जिवंत हृदयाकृती अर्चिन कोठे विकावयास आला तर तो घेऊ नये. त्यास वाळूची खोली हवी आणि फार मोठा विस्तार हवा. काचेच्या पेटीत तो थोड्याच अवधीत उपाशी मरतो. जुहूच्या किंवा गिरगावच्या ओल्या वाळूवर ओहोटीच्या वेळी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घालणारे चिमुकले खेकडे आपण पाहिले असतील. तेही वाळू चाळणारेच. पण त्यांचे जगणे भरती-ओहोटीवर चालते आणि पेटीत भरती-ओहोटी नसते.

समुद्रकाकडीचे काम या सर्वांत उत्तम. तोंडाभोवतीच्या मऊ स्पर्शकांनी ती वाळू उचलते, आत घेते, आणि मागून स्वच्छ वाळूची माळ सोडत जाते. परंतु भारतात तिचा विचारच करू नये. चीन व आग्नेय आशियातील खवय्यांसाठी मन्नारच्या आखातातून व अन्य भागांतून तिची एवढी लूट झाली की २००१ साली सर्व समुद्रकाकड्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच देण्यात आले. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांनाही त्याच वर्षी. लक्षद्वीपने २०२० साली चेरियापाणी येथे २३९ चौरस किलोमीटरांचे खास समुद्रकाकडी राखीव क्षेत्र निर्माण केले. तेव्हा कोणी दुकानदार हळू आवाजात ‘आतून मागवून देतो’ असे म्हणू लागला, तर तो आपणांस कायद्याच्या कचाट्यात ढकलतो आहे असे समजावे. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी धोका उरतोच. काही समुद्रकाकड्यांच्या अंगी विष असते. पाण्याच्या पंपात सापडून किंवा आजारी पडून ती मेली तर ते विष पाण्यात उतरून पेटीतील सारे मासे मरू शकतात.

आता तारामाशाविषयी, आणि येथे थोडे थांबावे लागेल. वाळूत राहणाऱ्या ज्या तारामाशाची विक्री होते त्याचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोपेक्टेन. काचेवर चढणाऱ्या इतर तारामाशांप्रमाणे याच्या पायांना चूषक नसतात, ते टोकदार असतात, म्हणून तो वाळूत भराभर शिरतो. भक्ष्य तो अख्खे गिळतो. वाळूतील कृमी, बारीक शिंपले, लहान गोगलगाई हे त्याचे अन्न. म्हणजे वाळू निरोगी ठेवणारे जे जीव वर सांगितले त्यांनाच तो संपवतो. पहिले काही महिने तळ सुंदर दिसतो, वाळू रोज नव्याने सारवल्यासारखी होते, घरची मंडळी खूश असतात. मग वाळूतले अन्न संपते.

देवास येथे आमचा एक माजी विद्यार्थी आहे. त्याने अशी चार फुटी पेटी मोठ्या हौसेने केली, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून पेटीत ॲस्ट्रोपेक्टेन सोडला. तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस फूट. त्यातही अर्धी जागा दगडांनी अडवलेली. आठव्या महिन्यात त्याची चौथीतील कन्या म्हणाली, “बाबा, तारा आता वर येतच नाही.” वाळू उकरून पाहिली तेव्हा त्याच्या दोन बाहूंची टोके झिजून गेली होती. चार दिवसांत तो गेला. दुकानदाराचे म्हणणे असे, की आठ महिने टिकला म्हणजे पुष्कळच झाले, दुसरा घेऊन जा. आमच्याकडे तो आला तो हाच प्रश्न घेऊन. “सर, दुसरा आणू का? मुलगी म्हणते आणा, आणि तीच म्हणते की तोही असाच जाईल.” मराठीच्या शिक्षकास विचारण्याचा हा प्रश्न नव्हे. परंतु मुलीच्या बोलण्यात जो हिशेब होता तो दुकानदाराच्या बोलण्यात नव्हता, हे सांगण्यास शास्त्र शिकावे लागत नाही. आणि त्या निमित्ताने आम्ही वाचू लागलो, गेली दोन वर्षे त्या पेटीसमोर अनेक संध्याकाळी बसलो.

मासा उपाशी असला तर दिसतो. त्याचे पोट खपाटीस जाते, तो काचेशी येतो. तारामासा उपाशी असला तरी तसाच कडक, तसाच देखणा दिसतो. आतून तो स्वतःस खात असतो. म्हणूनच ‘माझ्याकडे सहा महिने उत्तम आहे’ या कोणाच्याही साक्षीवर विश्वासू नये. ज्यांच्याकडे फार मोठ्या तळाची, वर्षानुवर्षे मुरलेली पेटी आहे, आणि जे शिंपल्याचे तुकडे वाळूत नेमाने पुरून ठेवू शकतात, त्यांची गोष्ट निराळी. चार फुटी पेटीसाठी तारामासा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोबी माशाची गोष्ट इतकी सरळ नाही. मुंबईच्या खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारी, कोळी बांधवांच्या ताटातली निवटी या गोबींच्याच गोतातली. पेटीसाठी विकतात ते व्हॅलेन्सिएनिया या प्रजातीचे. कोणी नारिंगी ठिपक्यांचे, कोणी पिवळ्या डोक्याचे. हा मासा तोंडभर वाळू घेतो, क्षणभर चघळल्यासारखे करतो, आणि कल्ल्यांतून ती झरझर खाली सोडतो. आत अडकलेले बारीक जीव तो गिळतो. सुपाने धान्य पाखडणारी बाई जशी कोंडा उडवते आणि दाणा राखते, तसेच हे. पाहण्यास याहून सुंदर दृश्य पेटीत दुसरे नाही. हे मासे जोडप्याने राहतात आणि दगडाखाली बीळ करतात. म्हणून दगड वाळूवर न रचता थेट काचेच्या तळावर पक्के बसवलेले हवेत, नाही तर खणता खणता दगड त्यांच्यावरच कोसळतो. वाळूही फार बारीक व मऊ हवी. नर्मदेची वाळू घालण्याचा मोह आपल्याकडे अनेकांस होतो, तो आवरावा. तिचे टोकदार कण कल्ल्यांस बोचतात आणि तिच्यात काळ्या दगडाचे लोहयुक्त कण असतात. शिंपल्यांच्या व प्रवाळांच्या चुऱ्यापासून झालेली चुन्याची वाळूच योग्य.

एवढे केले तरी मुख्य प्रश्न पोटाचाच. वाळूतले अन्न संपले की गोबी बारीक होत जातो. तारामाशाहून त्याची बाजू एवढीच बरी की तो बाहेरून दिलेले अन्न शिकवल्यास घेतो: बारीक केलेली कोळंबी, आर्टेमिया, तळाशी बुडणारे दाणे, आणि तेही दिवसातून दोन-तीनदा. घरात दुपारी कोणी असेल आणि ते हे काम मनापासून करणार असेल, तरच गोबी आणावा. नवरा-बायको दोघेही नोकरीस जाणाऱ्या घरात तो आणू नये. विकत घेताना दुकानात त्याच्या पोटाकडे पाहावे, आणि आपल्यासमोर त्यास खाऊ घालण्यास सांगावे. जो खात नाही तो घरी येऊनही बहुधा खाणार नाही. पेटीवर जाळीचे झाकण हवे. गोबी उडी मारतो, आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो.

मग लहान पेटीच्या मालकाने काय करावे? आमचा कौल तिसऱ्या प्रकाराला. दगडांबरोबर आपोआप येणारे केसाळ कृमी पाहून लोक घाबरतात आणि चिमट्याने काढून टाकतात. हात लावल्यास त्यांचे केस बोचतात हे खरे, पण वाळूचे खरे गांडूळ तेच, आणि फुकट मिळालेले. त्यांस राहू द्यावे. सेरिथ नावाच्या, उंच निमुळत्या शंखाच्या गोगलगाई शैवल खातात आणि दिवसा वाळूत शिरतात. नॅसारियस नावाची गोगलगाय तर मोठी मौजेची. दिवसभर ती वाळूत पुरून असते, फक्त तिची सोंड पेरिस्कोपसारखी वर दिसते. पाण्यात अन्नाचा वास आला रे आला की चारी बाजूंनी त्या मुसंडी मारून वर येतात. देवासच्या त्या मुलीने त्यांस ‘पंगत’ असे नाव ठेवले आहे. मेलेल्या, सडणाऱ्या अन्नावर त्यांचा निर्वाह चालतो. चार फुटी पेटीत चार-पाच पुरेत. दुकानदार वीस देऊ करील. वीस आणल्या तर त्यांतील पंधरा उपाशी राहतील आणि मेल्यावर पाणी बिघडवतील. काटेरी सापतारे, म्हणजे लांब नागमोडी बाहूंचे तारामासे, रात्री उरलेसुरले वेचतात. मात्र त्यांतील हिरवा मोठा सापतारा टाळावा, तो झोपलेले मासे धरून खातो.

आणि ज्यांस हलणारे, खणणारे, पाहत राहावे असे काही हवे, त्यांनी कोळंबी व तिचा पहारेकरी गोबी ही जोडी आणावी. हा गोबी वर सांगितलेल्याहून वेगळा. तो वाळू चाळीत नाही, पाण्यात तरंगत येणारे अन्न टिपतो. वाळू उपसते ती कोळंबी. ॲल्फियस जातीच्या या कोळंबीस फारच कमी दिसते. ती दिवसभर बिळातील वाळू बुलडोझरसारखी बाहेर लोटते, आणि बाहेर असताना तिची एक मिशी सतत गोब्याच्या अंगास टेकलेली असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो, कोळंबी आत जाते, आणि पाठोपाठ तोही. आमच्या जुन्या शास्त्री मंडळींनी ज्यास अंधपंगुन्याय म्हटले तो येथे काचेआड रोज चालू असतो. फरक एवढाच की येथला डोळस लंगडा नसून आळशी आहे. हा गोबी हातभर जागेत सुखाने राहतो आणि दाणे खातो. वाळूचा एक कोपरा सदैव उलथलेला राहतो. यांतले जवळजवळ सारेच प्राणी अजून समुद्रातून धरून आणलेले असतात, हे मात्र विसरू नये. क्लाउनफिशचे प्रजनन कसे करावे हे आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. वाळूतल्या या मंडळींविषयी तशी सोय अद्याप दूर आहे. म्हणून मरेल त्याच्या जागी दुसरा, हा व्यवहार येथे समुद्राच्या खात्यातून चालतो.

पाण्याविषयी दोन शब्द, कारण माळव्यात तोच अडसर ठरतो. १९५१ साली डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि मुंबईस गेलेला माळव्यातील पाहुणा ते पाहिल्यावाचून सहसा परतत नसे. तेथे समुद्र दाराशीच होता. आपल्यास मात्र समुद्र तयार करावा लागतो: दर लिटर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे अडीचशे लिटरच्या पेटीस पावणेनऊ किलो. ते मीठ स्वयंपाकाचे नव्हे. पाणी आरओ यंत्राचे हवे, आणि घरगुती यंत्र एका लिटरामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ज्या देवासने एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून रेल्वेने आलेले पाणी भांडी घेऊन भरले, त्या गावात ते टाकाऊ पाणी मोरीत जाऊ देणे शोभत नाही. फरशी पुसावी, भांडी घासावी, तुळशीला घालावे. उन्हाळ्यात पेटीतील पाणी उडते, मीठ मात्र तेथेच राहते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज साधे शुद्ध पाणी घालावे, खारे नव्हे. आणि हे पाणी तांब्याच्या कळशीतून कधीही घालू नये. देवघराच्या दृष्टीने तांबे शुद्ध असेल, परंतु गोगलगाई, कोळंबी, तारामासे या साऱ्यांस ते विष आहे. माशांच्या रोगावर मिळणाऱ्या औषधांतही पुष्कळदा तांबे असते. बाटलीवरचे नाव वाचल्याखेरीज ते पेटीत टाकू नये.

नवा प्राणी आणल्यावर पिशवी फोडून तो पेटीत ओतण्याची घाई होते. या पृष्ठवंशहीन प्राण्यांस, विशेषतः कंटकचर्मींस, अंगातील क्षारांचे प्रमाण सांभाळता येत नाही. बाहेरचे पाणी बदलले की आतलेही बदलते. त्यांस बादलीत ठेवून पेटीतील पाणी बारीक नळीने थेंब-थेंब दोन तास सोडावे. सलाईन लावलेल्या रुग्णाजवळ बसतो तसे जवळ बसावे. त्या संध्याकाळी पेटीचा दिवा लावू नये.

देवासच्या पेटीत दुसरा तारामासा आला नाही. तेथे आता पाच नॅसारियस, काही सेरिथ आणि ती कोळंबी-गोब्याची जोडी आहे. वाळू पूर्वीइतकी शुभ्र नाही. गोबी आणावयाचा असल्यास आणखी एक सूचना. चैत्र-वैशाखात तो आणू नये. इंदूरपर्यंतच्या प्रवासात पिशवीतील पाणी तापते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि घरी पेटीचे पाणी २७-२८ अंशांवर ठेवताना पंखा लावूनही दमछाक होते. त्यात वीज गेली तर रात्रीत सारे आटोपते. दसऱ्यानंतर मागवावा. तोवर वाळूत काय काय हिंडते ते रात्री दहानंतर, दिवे मालवून, विजेरीवर लाल कागद लावून पाहावे. तळाशी किती कृमी निघतात यावरून पेटी किती जणांचे पोट भरू शकेल याचा अंदाज येतो.